अंगावरून जास्त जातंय? तिला निर्णय घ्यायला मदत करायची ती अशी

घरात कुणाला पाळीत अंगावरून खूप जायला लागलं की दोनापैकी एक होतं, एकतर ती कुणाला सांगतच नाही, गडद रंगाचा ड्रेस घालून गुपचूप कामं करत राहते, नाहीतर एकदा बोलली की सगळा गोतावळा सल्ले घेऊन हजर. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत तर विचारूच नका, सासूबाई म्हणणार या वयात व्हायचंच असं, नणंद म्हणणार माझ्या मैत्रिणीने गर्भाची पिशवी काढून टाकली आणि सुटली एकदाची, शेजारच्या भाभी कसलातरी काढा सांगणार. आणि जिला त्रास होतोय तिला नेमकं काय हवंय ते विचारायचं मात्र राहून जातं.

हे लिहितेय ते अशा बाईसोबत दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी, म्हणजे बहीण, जाऊबाई, मुलगी, मैत्रीण आणि हो, नवरेमंडळींसाठीपण. मी डॉक्टर नाही, पण घरातल्या आणि भिशीतल्या बऱ्याच जणींसोबत गीता भवन चौराह्याच्या आसपासच्या दवाखान्यांत नंबर लावून बसलेय, तेव्हा काय कामाला येतं आणि काय नाही याचा थोडा अंदाज आलाय. गोळी कुठली ते डॉक्टरच सांगणार, ते काम आपलं नाही.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इंग्लंडमध्ये सहा हॉस्पिटलांत अशाच त्रासाच्या ८९४ बायकांचे तीन गट केले होते, २००२ मध्ये तो अभ्यास छापून आला. एका गटाला नेहमीसारखंच डॉक्टरकडे पाठवलं, दुसऱ्याला आधी घरी माहितीपुस्तिका आणि व्हिडिओ दिला, तिसऱ्याला पुस्तिका-व्हिडिओ तर दिलाच, वर डॉक्टरला भेटायच्या आधी एक नर्स त्या बाईसोबत बसून तिला काय वाटतं, काय हवं-नको ते विचारून कागदावर लिहून घ्यायची. पहिल्या गटात ४८ टक्के बायकांची पिशवी काढली गेली. नुसती माहिती दिलेल्या गटातसुद्धा ४८ टक्केच! आणि जिथे बोलणं झालं तिथे ३८. म्हणजे व्हॉट्सॲपवर दहा लिंका फॉरवर्ड करून तुम्ही मदत केलीत असं वाटत असेल तर जरा थांबा. तिच्यासोबत बसून बोललात तर खरा फरक पडतो.

पण बोलायच्या आधी मोजायला हवं, कारण "खूप जातं" म्हणजे किती ते कुणालाच सांगता येत नाही. बाई वीस वर्षं तेच बघत आलेली असते, तिला तेच नॉर्मल वाटतं. साधारण असं धरा की पाळी सात दिवसांच्या वर चालतेय, जोर असतो त्या दिवशी दर तासा-दोन तासांनी पॅड बदलायला लागतंय, रात्री बदलायला उठावं लागतंय, दोन-दोन पॅड एकदम लावावे लागतायत, किंवा दोन रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडतायत, यातलं काहीही असेल तर ते जास्तच आहे. आणि यातलं काही नसलं तरी तिचं ऑफिस, झोप, येणं-जाणं अडत असेल तर तेही जास्तच, आजकाल डॉक्टरसुद्धा तसंच मानतात.

मोजायची एक सोपी पद्धत आहे, १९९० पासून डॉक्टर लोक वापरतात. पॅड थोडंसंच डागलं तर १, मध्यम भिजलं तर ५, पूर्ण भिजलं तर २०. गुठळी लहान असेल तर १, मोठी असेल तर ५. पाळीचे सगळे दिवस बेरीज करत जायचं आणि एकूण १०० च्या वर गेलं की रक्त जास्त जातंय असं समजायचं. कुणी मेन्स्ट्रुअल कप वापरत असेल तर कामच सोपं, बऱ्याच कपांवर मिलीच्या खुणा असतात, एका पाळीत ८० मिलीच्या वर गेलं तर जास्त. माझ्या मामेवहिनीने बाथरूमच्या दाराच्या आत दूधवाल्याचं कॅलेंडर टांगलं आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवली, पहिल्याच पाळीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शंभर पार! तोवर ती म्हणत होती की अगं सगळ्यांनाच होतं थोडंफार.

रिपोर्टांचं आता. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करायला सांगतील का ते विचारा, हा मुद्दा मी जरा ताणून धरते, कारण हिमोग्लोबिन १२ च्या वर दिसलं की सगळे निर्धास्त होतात, पण शरीरातला लोहाचा साठा त्याच्या आधीच रिकामा झालेला असू शकतो आणि बाई जिना चढताना धापा टाकत असते, केस गळतात, चिडचिड होते आणि घरचे म्हणतात हिचं हल्ली काही खरं नाही. प्रेग्नन्सी नाही ना ते बघतात, थायरॉइडची शंका असली तर तेही बघतात, सोनोग्राफी होते. मुलगी लहान असेल आणि पहिल्या पाळीपासूनच असं जात असेल, किंवा दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, नाकातून येतं, आईलापण तसंच होतं, असं काही असेल तर ते आवर्जून सांगा, रक्त गोठण्यातला जन्मजात दोष असू शकतो आणि तो बरेचदा वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही.

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की घरात जे रडं सुरू होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. त्यात लिहिलेलं असतं "बल्की युटरस", म्हणजे पिशवी थोडी मोठी दिसतेय, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची असतेच थोडी मोठी. "नाबोथियन सिस्ट" लिहिलेलं असतं, ते पिशवीच्या तोंडावरचे साधे पाण्याचे फोड, बहुतेक वेळा त्यांचं काहीच करावं लागत नाही. "एंडोमेट्रियम" इतके-इतके मिलीमीटर लिहिलेलं असतं, ते पिशवीच्या आतलं अस्तर, पाळी चालू असलेल्या बाईत ते महिनाभर कमी-जास्त होतच राहतं, पाळी संपल्या-संपल्या पातळ आणि यायच्या आधी जाड, तेव्हा नुसत्या एका आकड्यावरून घाबरायचं नाही, सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली ते आधी बघायचं. आणि "फायब्रॉइड", म्हणजे गाठी. यात साइझपेक्षा जागा महत्त्वाची. पिशवीच्या आतल्या अस्तराखाली असलेली छोटीशी गाठसुद्धा पाळीत धबधबा लावते आणि बाहेरच्या अंगाला लटकलेल्या मोठ्या गाठीमुळे अंगावरून जाणं वाढेलच असं नाही. फायब्रॉइडचा कॅन्सर होणं फारच दुर्मिळ आहे, आणि पाळी गेली की त्या बहुधा आपोआप आकसतात. पिशवीच्या भिंतीतच अस्तर शिरलेलं असेल तर त्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, त्यात दुखतंही खूप.

कॅन्सरची भीती खरंच असेल तर तिचं उत्तर बायोप्सी, म्हणजे आतल्या अस्तराचा छोटा तुकडा तपासायचा. चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे, किंवा वजन खूप असेल, डायबिटीस असेल, पाळी कित्येक वर्षं अनियमित असेल तर डॉक्टर ती करायला सांगतात आणि तेव्हा नाही म्हणू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं, किंवा संबंधानंतर रक्त येतं, किंवा दोन पाळ्यांच्या मधे येतं, तर निर्णय-बिर्णय नंतर, आधी दाखवून या. आणि तासाला पॅड भिजतंय, असं दोन-तीन तास चाललंय, चक्कर येतेय, छाती धडधडतेय, तर थेट इमर्जन्सीत.

हे सगळं झालं की मग बोलायला बसा, आणि कृपा करून स्वयंपाकघरात पोळ्या चालू असताना नाही. मी काय विचारते ते सांगते. पहिलं, तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो गं? यात उत्तरं फार वेगवेगळी येतात. कुणी म्हणते रक्ताचं काही नाही, दुखणं सोसत नाही. कुणी म्हणते थकवा. कुणी म्हणते कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर उभं राहता येत नाही की सराफ्यात रात्री खायला जाता येत नाही. आणि एखादी बरेच आढेवेढे घेऊन सांगते की आईला कॅन्सर झाला होता म्हणून झोप लागत नाही. या प्रत्येकीचा इलाज वेगळा, आणि त्या शेवटच्या बाईला तर बायोप्सीचा चांगला रिपोर्ट आला की तोच अर्धा इलाज.

दुसरं, काय मुळीच चालणार नाही? रोज गोळी लक्षात राहील का, शरीरात काही बसवलेलं चालेल का, पाळी अगदीच बंद झाली तर चालेल का, ऑपरेशनची भीती वाटते का. तिसरं, अजून मूल हवंय का, आणि हे नवऱ्यासमोर विचारू नका, एकटीला विचारा, उत्तर बदलू शकतं. चौथं, किती दिवस निभवायचं आहे? वय ४८ असेल तर पाळी जायला फार अवकाश नाही, तेव्हा दोन-चार वर्षं पार पाडणं एवढाच प्रश्न असू शकतो. ३२ असेल तर हिशोबच वेगळा.

मामेवहिनी ४६ ची, डब्यांचा व्यवसाय, एकटीच्या जिवावर. तिला एका ठिकाणी पहिल्याच भेटीत सांगितलं की गाठ आहे, पिशवी काढून टाका, उगाच पुढे कॅन्सर व्हायला नको, सोमवारी ॲडमिट व्हा. बायोप्सी नाही, आधी औषध देऊन बघणं नाही. आम्ही बसलो, विचारलं, तर तिची अडचण निघाली ती अशी, सहा आठवडे डबे बंद ठेवले तर गिऱ्हाईक परत येत नाही, आणि रोजच्या गोळ्या आपल्याच्याने होणार नाहीत हे ती स्वतःच म्हणाली. हे तिने एका चिठ्ठीवर तीन ओळींत लिहून दुसऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं, बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, मग आपण वेगळं बोलू. पुढे बायोप्सी झाली, ती चांगली आली, मग वहिनीने हार्मोनवाली कॉइल पिशवीत बसवून घेतली.

तर पर्याय काय काय असतात ते थोडक्यात, म्हणजे डॉक्टर बोलतील तेव्हा कानांना ओळखीचं वाटेल. सगळ्यात साधी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी, फक्त जोराच्या दिवसांत, जास्तीत जास्त चार-पाच दिवस घ्यायची, तिच्यात हार्मोन नाही, रक्त जवळपास निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतं, जेनेरिकमध्ये स्वस्तही पडते. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल तर मात्र ती चालत नाही, हे डॉक्टरला सांगायलाच हवं. मेफेनॅमिक ॲसिड दुखणंही कमी करतं आणि रक्तही थोडं, पण अल्सर किंवा दमा असेल तर जपून, आणि रिकाम्या पोटी नाहीच.

मग हार्मोनच्या गोळ्या. गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी हलकी आणि वेळेवर होते, पण बीपी असेल, मायग्रेनमध्ये डोळ्यांपुढे चमकतं असं असेल, पस्तिशीच्या पुढे सिगारेट असेल (हसू नका, असतात), तर त्या नकोत. नॉरएथिस्टेरॉन म्हणजे आपल्या बायकांना चांगलीच माहीत असलेली पाळी पुढे ढकलायची गोळी, तीच रक्त कमी करायलाही देतात, पण महिन्यातले बरेच दिवस आणि दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. इथे जरा माझा राग काढते. महालक्ष्म्या आल्या की मेडिकलवाल्याकडून ती गोळी आणायची, नैवेद्याला आपणच पाहिजे म्हणून, मग दिवाळी, मग कुणाचं लग्न, असं वर्षभर चालतं, कुणाला विचारायचं नाही, आणि मग बंद केली की एकदम धो-धो जातं तेव्हा म्हणायचं पाळी बिघडली. डॉक्टरकडे जाल तेव्हा या गोळ्या किती वेळा घेतल्या तेही सांगा, सासूबाई सोबत असल्या तरी सांगा.

एक गोळी आपल्या देशातलीच आहे, ऑर्मेलॉक्सिफेन, लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, सरकारी केंद्रात गर्भनिरोधक म्हणून "छाया" नावाने फुकट मिळते तीच. जास्त रक्त जाण्यावरही डॉक्टर ती देतात, आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, डोस वेगळा असतो म्हणून स्वतःहून सुरू करू नका. तिने पाळी उशिरा येते, ते अपेक्षितच असतं, घाबरायचं नाही.

आता ती कॉइल, मिरेना वगैरे. लोक हिला कॉपर टी समजतात आणि म्हणतात नको बाई, तिने तर उलट जास्त जातं. कॉपर टी ने खरंच जास्त जाऊ शकतं, पण ही वेगळी, हिच्यातून थोडं-थोडं हार्मोन पिशवीतच सुटतं आणि अस्तर पातळ राहतं. रक्त ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत कमी होतं, पाच वर्षं चालते, मूल हवं असेल तेव्हा काढता येते. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा नाहीतर बाई महिनाभरात काढून येते. पहिले तीन ते सहा महिने थोडं-थोडं डागणं चालू राहतं, ते वैताग आणतं. आणि पुढे काहींची पाळी अगदी बंदच होते, तेव्हा घरात कुणीतरी हमखास म्हणतं की घाण आत साठतेय. काही साठत नाही, अस्तर तयारच होत नाही तर बाहेर काय येणार? गाठी मोठ्या असून पिशवीचा आकारच बदलला असेल तर कॉइल नीट बसत नाही किंवा निसटते, ते डॉक्टर तपासून सांगतील.

त्यापुढे छोट्या प्रोसिजर आहेत. पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मऊ कोंब, किंवा आतल्या बाजूची गाठ दुर्बिणीने खालून काढता येते, पोटावर टाका नाही. मूल हवं असेल तर फक्त गाठ काढून पिशवी ठेवता येते, गाठी परत येऊ शकतात मात्र. अस्तर जाळून टाकायचीही पद्धत आहे, पण त्यानंतर गर्भ राहणं धोक्याचं, म्हणून मूल हवं असणाऱ्यांसाठी ती नाही आणि नंतरही गर्भनिरोधक लागतंच. गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचीही एक पद्धत आहे, ती रेडिओलॉजीवाले करतात.

आणि शेवटी पिशवी काढणं. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी औषधं, कॉइल सगळं करून झाल्यावर काढली, आणि त्यांना विचाराल तर म्हणतील आधीच का नाही काढली. त्रास मुळापासून जातो हे खरंच आहे. पण ते मोठं ऑपरेशन आहे, पूर्ण बरं व्हायला सहा आठवडे लागू शकतात, आणि ते उलटं फिरवता येत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना गरज नसताना पिशव्या काढणं रोखायच्या गाइडलाइन लागू करायला सांगितलं, म्हणजे हा नुसता आपल्या मनातला संशय नाही. एक प्रश्न मात्र विचाराच विचारा, अंडाशय ठेवणार की काढणार? "सोबतच काढून टाकू" असं सहज म्हटलं जातं, पण पाळी जायच्या वयाआधी दोन्ही काढली तर एका दिवसात मेनोपॉज येतो, हाडं आणि हृदयावर परिणाम होतो. काढायचं तसंच कारण असेल तर काढतील, पण कारण सांगून.

डॉक्टरसमोर वेळ कमी असतो, बाहेर वीस जणी बसलेल्या असतात, तेव्हा चिठ्ठी न्याच. वर पॅडच्या बेरजेचा स्कोअर, खाली सगळ्यात मोठा त्रास, त्याखाली काय चालणार नाही. आणि विचारायचं एवढंच, याने फायदा किती होईल, नुकसान काय होऊ शकतं, दुसरं काय करता येईल, आणि तीन महिने काहीच केलं नाही तर काय होईल. शेवटच्या प्रश्नाला बरेच जण कचरतात, डॉक्टरला राग येईल म्हणून. चांगल्या डॉक्टरला येत नाही. रक्त थांबत नसेल किंवा हिमोग्लोबिन अगदी खाली गेलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर "घरी विचार करून सांगतो" म्हणायला काहीच हरकत नाही, रिपोर्ट घ्या आणि दुसरीकडे दाखवा, खर्चाचा प्रश्न असेल तर इंदूरची सरकारी हॉस्पिटलं, एमटीएच किंवा एमवाय, आहेतच, गर्दी असते पण दाखवून होतं. सोबत गेलात तर बोलू द्या तिला. नवरे लोक तर "हिला असं होतं" करून सगळं स्वतःच सांगतात आणि ती बिचारी पर्सच्या चेनशी खेळत बसते.

इलाज कुठलाही घेतला तरी लोह कमी असेल तर लोहाची गोळी चालू ठेवावीच लागते, हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही साधारण तीन महिने, साठा भरायला. चहासोबत नाही हं, चहाने लोह अंगी लागत नाही, आधी-नंतर तासभर तरी जाऊ द्या, आणि आपल्याकडे सकाळी पोह्यांसोबत चहा ठरलेला, म्हणून वहिनी ती दुपारी लिंबूपाण्यासोबत घेते. शौचाला काळं होतं, ते चालतं. पोट फारच बिघडत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालेल का ते विचारा, गोळी सोसतच नसेल तर लोहाचं सलाईनही मिळतं.

मग तीन पाळ्यांनंतर परत तोच स्कोअर काढा, जुन्याशेजारी ठेवून बघा. कॉइल असेल तर सहा महिने धीर धरा. फरक नसेल, किंवा आकडा कमी झाला पण ती म्हणतेय की मला हे झेपत नाहीये, तर परत जा आणि पुढच्या पर्यायावर बोला, पहिल्या खेपेला निवडलं तेच शेवटपर्यंत धरून बसलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.